चेन सॉ घेण्याआधी: तीन मशिनं एकाच ओंडक्यावर लावून बघायची पद्धत

दुकानात नवं मॉडेल आलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती सीसी?" दुसरा प्रश्न: "बार किती इंची?" इंजिनाच्या सिलिंडरचं आकारमान (सीसी) आणि चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीची (बारची) लांबी, या दोन आकड्यांवर चेन सॉ घेणं म्हणजे शिंगांची लांबी बघून बैल घेण्यासारखं आहे. खोक्यावर ५८ सीसी आणि २२ इंची बार छापलेलं मशीन ४५ सीसीच्या, १८ इंची बारच्या मशीनपेक्षा हळू कापू शकतं, वर पेट्रोलही जास्त पिऊ शकतं. उलटंही होतं. नावाजलेल्या कंपनीचं महाग मशीन बोथट चेन लावून दाखवलं, तर निम्म्या किमतीचं मशीन नव्या चेनवर त्याला सहज मागं टाकतं आणि बघणारा चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातो.

झाड कापते ती चेन. इंजिन फक्त तिला फिरवतं. त्यामुळे नवं मॉडेल आणि त्याच्या तोडीची दोन मॉडेलं तोलायची असतील, तर चेन, बार, लाकूड, पेट्रोल आणि चालवणारा हात या पाच गोष्टी तिन्ही मशिनांना सारख्या मिळाल्या पाहिजेत. हे जमवायला एक सकाळ, दोन माणसं आणि अडीच मीटरचा एक ओंडका लागतो (पेट्रोल मोजायच्या कापांसाठी तसाच आणखी एक). दुकानदार डेमो मशीन द्यायला तयार नसेल, तर तेच मॉडेल वापरणारा कोणीतरी तालुक्यात सापडतोच.

आधी गट ठरवा

वेगवेगळ्या गटांतली मशिनं एकमेकांसमोर ठेवण्यात अर्थ नाही. बांधावरची सुबाभूळ, बाभळीच्या फांद्या, आडवं पडलेलं शेवग्याचं झाड, एवढंच काम असलेल्या ऊसकऱ्याला ३० ते ३८ सीसी आणि १४ किंवा १६ इंची बार पुरतो. चंदगड-आजऱ्याकडं काजूची छाटणी करणाऱ्यालाही हाच गट, पण त्यानं वजनाला सगळ्यात वरचं स्थान द्यावं, कारण मशीन दिवसभर कमरेच्या वर धरावं लागतं. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक तोडून वखारीला घालणाऱ्याचं काम ४५ ते ६० सीसी आणि १६ ते २० इंची बारचं. जुना आंबा, फणस, चिंच यांचे दोन-अडीच फुटी बुंधे नेहमीचेच असतील, तर ७० सीसीच्या खाली येऊ नये.

बारची लांबी लाकडाच्या जाडीइतकीच हवी असं नाही. दोन्ही बाजूंनी काप घेतला, तर १८ इंची बारनं अडीच फुटी ओंडका निघतो. गरजेपेक्षा लांब बार लावला की चेन लांब होते, घर्षण वाढतं, ऑइल टोकापर्यंत कमी पोचतं आणि इंजिनाची ताकद चेन ओढण्यातच जाते. म्हणून मशीनसोबत येणारा मोठा बार ही भेट समजू नका.

छापील आकडे एका मापात आणा

माहितीपत्रकं एकमेकांशी बोलत नाहीत. एक कंपनी ताकद किलोवॅटमध्ये देते, दुसरी हॉर्सपॉवरमध्ये, तिसरी फक्त सीसी. एकीचं वजन बार-चेनशिवाय आणि टाकी रिकामी असतानाचं, दुसरीचं सगळं लावून. सगळं एकाच मापात उतरवून घ्या.

हॉर्सपॉवरला ०.७४६ नं गुणलं की किलोवॅट मिळतो. सीसी पडताळायची असेल, तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) विचारा. हे दोन आकडे सुट्या पिस्टनच्या खोक्यावर किंवा माहितीपुस्तकात असतात. बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, सगळं सेंटिमीटरमध्ये. बोअर ४५.२ मिमी आणि स्ट्रोक ३४ मिमी असेल, तर उत्तर ५४.६ सीसी येतं, मग खोक्यावर ५८ का छापेनात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत व्हर्निअर घेऊन बसणाऱ्या माणसाला हा हिशोब सांगायची गरज नाही, पण खरेदीच्या घाईत तोही करायचा राहतो.

वजन स्वतः करा. टाकी रिकामी, बार आणि चेन काढलेली, साधा लटकता काटा. मग वजनाला किलोवॅटनं भागा. आकडा जितका लहान, तितकं मशीन हाताला हलकं आणि कामाला भारी. जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या मॉडेलांवर हे करून बघू. स्टिल एमएस २५० चे आकडे आहेत ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, ४.६ किलो, म्हणजे किलोवॅटमागे २ किलो. हुस्कवार्ना ४४५ मध्ये ४५.७ सीसी, २.१ किलोवॅट, ४.९ किलो, म्हणजे २.३३ किलो. सीसी जवळपास सारखी, तरी कागदावर फरक दिसतो. हुस्कवार्ना १२० मार्क टू मध्ये ३८.२ सीसी, १.४ किलोवॅट आणि ४.८५ किलो, म्हणजे जवळजवळ साडेतीन. ते घरगुती, अधूनमधून वापरायचं मशीन आहे आणि तसंच ते घ्यायचं असतं. दुसऱ्या टोकाला स्टिल एमएस ३८२: ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट, ६.२ किलो, म्हणजे १.६. हे रोज तोड करणाऱ्याचं मशीन. नव्या मॉडेलचा आकडा यांपैकी कुठं बसतो, हे बघितलं की ते कोणासाठी बनवलंय ते जाहिरातीपेक्षा लवकर कळतं.

ज्या कंपनीच्या कागदावर किलोवॅट सापडतच नाही, तिथं एक खूण करून ठेवा.

विजेवर चालणाऱ्या मशीनवरचे वॉट हे मशीन घेतं ती वीज असते, चेनला मिळणारी ताकद नव्हे. २००० वॉटचं मशीन २ किलोवॅटच्या पेट्रोल मशीनच्या रांगेत बसवू नका.

चेन आणि बार: इथंच सगळ्यात जास्त फसगत

चेनचं माप तीन आकड्यांत असतं: पिच, गेज आणि आतल्या दातांची म्हणजे ड्राइव्ह लिंकची संख्या. पिच मोजायला ओळीनं तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि निम्मं करा. ०.३२५ इंची चेनवर ते पूर्ण अंतर साधारण १६.५ मिमी भरतं. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या पात्याची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी. जाड खाचेत पातळ चेन बसते खरी, पण ती डुलते, काप तिरका जातो आणि दोष मशीनवर येतो.

तिन्ही मशिनांना एकच पिच आणि एकच गेज चालत असेल, तर सरळ एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या तीन नव्या चेनी घ्या. जात सारखी हवी हे विसरू नका. चौकोनी धारदार कोपऱ्याची फुल चिझेल चेन स्वच्छ लाकडात वेगानं कापते, पण माती लागली की लगेच बोथट होते. गोल कोपऱ्याची सेमी चिझेल थोडी हळू, पण टिकाऊ. दातांमध्ये उंचवटे असलेली सुरक्षा चेन झटका (बार अचानक चालवणाऱ्याकडं उसळणं) कमी देते आणि टोकानं खुपसून कापताना मंद चालते. एका मशीनवर फुल चिझेल आणि दुसऱ्यावर सुरक्षा चेन असेल, तर तुम्ही इंजिनं तोलत नसून चेनी तोलताय.

पिचच वेगळा असेल, तर बारची लांबी तेवढी सारखी ठेवा आणि वहीत तसं लिहा. छोट्या मशीनवर ३/८ लो-प्रोफाइल चेन असते, मधल्यावर बहुधा ०.३२५. लो-प्रोफाइलचा काप अरुंद, त्यामुळे कमी ताकदीत तो जास्त पुढं सरकतो. हा फरक मशीनच्या रचनेचाच भाग आहे, तो तसाच मोजला तरी चालेल.

नवी चेन नसेल, तर जुन्या चेनींना स्वतः धार लावा, तिन्हींना एकाच हातानं. ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिमीची गोल कानस, ०.३२५ ला ४.८ मिमीची, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमीची. कोन बहुतेक चेनींना ३० अंश. दातावरच खुणेची रेघ असते, तीच धरा. प्रत्येक दाताला मोजून सारखे हात मारा. सगळ्यात लहान झालेला दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणा, नाहीतर काप एका बाजूला ओढतो. शेवटी दातापुढची खोलीची जीभ, म्हणजे डेप्थ गेज, पट्टी लावून ०.६५ मिमी खाली आहे का बघा. जीभ उंच राहिली, तर चेन लाकडावरून नुसती घसरते आणि बारीक पीठ पडतं. फार खाली गेली, तर दात अधाशासारखा लाकूड धरतो, मशीन धक्के देतं आणि झटक्याचा धोका वाढतो. चांगल्या धारेची खूण पायाखाली दिसते: भुसा पिठासारखा नको, जाडसर किसासारखा हवा.

चेन थंड असताना ताणा. बारचं टोक वर उचलून धरायचं, ताणायचा स्क्रू फिरवायचा, मग दोन्ही नट आवळायचे. बारखाली चेन लोंबता कामा नये आणि हातमोजा घालून ओढली की ती सहज फिरली पाहिजे. नवी चेन पहिल्या तीन-चार कापांतच सैल पडते, म्हणून ते काप मोजणीत धरायचे नाहीत. गरम चेन ताणली असेल, तर काम संपताच सैल करा. थंड होताना ती आखडते आणि सगळा ताण क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर येतो.

पेट्रोल, ऑइल आणि कार्बोरेटर

तिन्ही मशिनांना एकाच कॅनमधलं ताजं मिश्रण द्या. पन्नासास एक या प्रमाणात लिटरमागे २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, पंचविसास एक असेल तर ४० मिली. कंपन्यांची प्रमाणं वेगळी असतील, तर जास्त ऑइल मागणाऱ्याचं प्रमाण सगळ्यांना वापरा. धूर थोडा जास्त होईल, पण पिस्टन कोणाचाच धरणार नाही. औषधाच्या बाटलीचं टोपण हे माप नव्हे. सिरिंज किंवा मेझरिंग सिलिंडर घ्या.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ऊस आपला, इथेनॉलही आपल्याच कारखान्यांचं, पण छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाला त्याचं कौतुक नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन महिनाभर ठेवला, तर पाणी आणि इथेनॉल खाली वेगळं बसू शकतं. टाकीतली पेट्रोल ओढणारी नळी तळाशीच असते. त्या थरात टू-स्ट्रोक ऑइल जवळपास नसतं, मशीन बिनऑइलचं पळतं आणि पिस्टनवर उभे ओरखडे पडतात. मशीन निवडताना म्हणून माहितीपुस्तकात इथेनॉलची मर्यादा किती लिहिली आहे ते आवर्जून वाचा. पुष्कळ पुस्तकांत १० टक्के लिहिलेलं असतं. नव्या मॉडेलमध्ये २० टक्क्यांना चालणाऱ्या नळ्या आणि डायफ्रॅम (कार्बोरेटरमधला लवचीक पडदा) असल्याचं कंपनी लेखी देत असेल, तर तो खराखुरा फायदा आहे. वेगाच्या दोन सेकंदांपेक्षा मोठा. बाकी मशिनांना पंधरा दिवसांत संपेल एवढंच मिश्रण करा आणि ठेवताना टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत मंद चालवा.

कोरं मशीन लगेच पूर्ण ताकद देत नाही. रिंगा बसायला पाच ते पंधरा टाक्या जातात. म्हणून खोक्यातून काढलेलं नवं मॉडेल आणि वर्षभर चाललेलं जुनं मशीन यांची पहिल्याच दिवशी शर्यत लावली, तर नव्यावर अन्याय होतो. निदान पाच टाक्या हलक्या कामात घालवा, त्या काळात मोकळ्या हवेत पूर्ण रेसवर धरून ठेवू नका.

कार्बोरेटरच्या बाबतीत दुकानातल्या डेमोपासून सावध राहा. हाय स्क्रू (पूर्ण रेसवर पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा) थोडा आत फिरवला की हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, मशीन शिटीसारखं किंचाळतं आणि दहा मिनिटं झकास कापतं. नंतर त्याच सेटिंगवर पिस्टन जातो. कान लावा: पूर्ण रेसवर, चेन हवेत असताना आवाज किंचित फडफडता हवा आणि लाकडाला टेकवताच तो साफ, एकसंध व्हायला हवा. हवेतच आवाज साफ आणि तीक्ष्ण असेल, तर मिश्रण पातळ आहे. स्क्रू उलटा थोडा बाहेर घ्या. टॅकोमीटर मिळाला तर उत्तम, पुस्तकातल्या कमाल फेऱ्यांशी ताडून बघा.

कोकणात उतरणाऱ्यांनी याचा वेगळा विचार करावा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथं काठावर पातळ बसवलेलं मशीन गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून खाली नेलं की हवा दाट होते आणि मिश्रण आणखी पातळ पडतं. वर चालणारं मशीन खाली सीज होण्यामागं (पिस्टन सिलिंडरमध्ये अडकण्यामागं) पुष्कळदा हेच असतं. जे मॉडेल कार्बोरेटर स्वतःच जुळवून घेतं, त्याचा घाटाच्या दोन्ही बाजूंना काम करणाऱ्याला उपयोग आहे. एकाच गावात काम असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. त्यात बिघाड झाला, तर गावातला मेकॅनिक स्क्रू फिरवून काही करू शकत नाही, हेही धरा.

ओंडक्यावरची चाचणी

निलगिरी किंवा सुबाभळीचा सरळ, गाठी नसलेला, २५ ते ३० सेमी व्यासाचा ओंडका वखारीतून घ्या. तोडलेला, महिन्याच्या आतला. पुरानंतर बंधाऱ्याच्या मोऱ्यांत अडकलेली लाकडं फुकट मिळतात म्हणून आणू नका. सालीत रुतलेली वाळू तीन कापांत कुठल्याही चेनची धार घालवते. नारळाचा बुंधाही नको. चाचणीसाठी उभं झाड पाडायचा विचार तर सोडूनच द्या: आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, हिरडा, ऐन, किंजळ अशी झाडं स्वतःच्या रानातली असली, तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते. शहर हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे.

ओंडका घोडीवर आडवा ठेवून साखळीनं किंवा पट्ट्यानं आवळा. कापायचं टोक घोडीच्या बाहेर मोकळं लटकलं पाहिजे, म्हणजे चकती सुटून खाली पडते आणि बार अडकत नाही. खडूनं दर ५ सेमीवर रेघा मारा.

मशीन दोन-तीन मिनिटं गरम करा. एक माणूस कापतो, दुसरा स्टॉपवॉच धरतो. वेळ सुरू होते चेन सालीला टेकते तेव्हा, संपते चकती पडते तेव्हा. टेकण्याआधी रेस पूर्ण. मग मशीनच्या स्वतःच्या वजनानं काप जाऊ द्यायचा, दाबायचं नाही. सगळ्यात अवघड हेच आहे, कारण घड्याळ लावलं की हात आपोआप दाब देतो. दाबलं की फेऱ्या पडतात, क्लच घसरतो आणि मोजलं जातं ते तुमच्या दंडाचं बळ. मागचं हँडल फक्त रेस द्यायला आणि दिशा धरायला वापरा.

क्रम अ-ब-क नंतर क-ब-अ असा ठेवा आणि ही फेरी तीनदा करा. प्रत्येक मशीनला सहा काप मिळतात. ओंडका एका टोकाकडे जाड होत जातो, माणूस थकत जातो, ऊन वाढत जातं. क्रम उलटवल्यानं हे सगळं तिघांत सारखं वाटलं जातं. अ चे सहाही काप आधी उरकले, तर शेवटच्या क वर सगळा थकवा बसतो.

प्रत्येक चकतीचा व्यास दोन दिशांनी मोजून सरासरी घ्या. नुसते सेकंद फसवतात. समजा एका मशीननं २८ सेमीची चकती १४ सेकंदांत काढली आणि दुसऱ्यानं २६ सेमीची १३ सेकंदांत. घड्याळाच्या हिशोबात दुसरं जिंकलं. पण व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४ केलं, तर पहिल्यानं ६१६ चौरस सेमी कापलं, म्हणजे सेकंदाला ४४; दुसऱ्यानं ५३१, म्हणजे सेकंदाला ४१. पहिलंच वेगवान. सहा कापांतला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट सोडून मधल्या चारांची सरासरी धरा. दोन मशिनांत दहा टक्क्यांच्या आतला फरक निघाला, तर तो फरक नाहीच असं समजून पुढं जा. तेवढा हाताचाच असतो.

पेट्रोल मोजायला टाकी आटेपर्यंत चालवू नका. शेवटच्या घोटाला मिश्रण पातळ होतं आणि पूर्ण रेसवरचं इंजिन तापतं. टाकी गळ्यापर्यंत भरा, वीस काप घ्या, मग सिरिंजनं मोजत पुन्हा गळ्यापर्यंत भरा. जितके मिली गेले ते कापलेल्या क्षेत्राशी ताडा. वीस कापांत १.२ चौरस मीटर लाकूड कापलं आणि १५० मिली गेलं, तर चौरस मीटरला १२५ मिली. तिन्हींचा हा आकडा शेजारी शेजारी लिहिला, की वर्षाच्या पेट्रोलचा अंदाज आपसूक येतो.

याच वीस कापांत बारचं ऑइल किती गेलं तेही बघा. चांगल्या मशीनमध्ये पेट्रोलची टाकी संपते तेव्हा ऑइलच्या टाकीत थोडं उरलेलं असतं. पेट्रोल अजून आहे आणि ऑइल संपलं, असं होत असेल तर बार कोरडा चालायची वेळ रोज येणार. ऑइल टोकापर्यंत पोचतं का, हे बघायला बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर दूर धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर काही सेकंदांत ऑइलची रेघ उमटली पाहिजे. पंप कमी-जास्त करायचा स्क्रू आहे का विचारा. ट्रकचं जळकं ऑइल बारला घालायची सवय असेल, तर ती या चाचणीपुरती तरी बाजूला ठेवा. त्यातल्या धातूच्या कणांनी पंप आणि बारची खाच दोन्ही झिजतात.

तापल्यावर काय करतं

सकाळच्या गारव्यात सगळीच मशिनं चांगली. खरी परीक्षा चैत्र-वैशाखात, दुपारी एकला. मशीन दहा मिनिटं जोरात चालवा, बंद करा, सावलीत न ठेवता दहा मिनिटं तसंच सोडा आणि चोक न देता दोरी ओढा. तीन ओढीत सुरू झालं तर उत्तम. आठ-दहा ओढी लागत असतील, तर कार्बोरेटर तापून पेट्रोलची वाफ होते आहे, किंवा इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधला उष्णता अडवणारा भाग कमजोर आहे. हा दोष धार लावून किंवा ट्यूनिंग करून जात नाही.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा, अंदाज घ्यायची सोपी रीत: इंजिनचा स्विच बंद, दोरीचं हँडल हातात धरून मशीन लोंबकळत सोडा. ते टप्प्याटप्प्यानं, अडखळत खाली आलं पाहिजे. दगडासारखं सरळ उतरलं, तर रिंगा किंवा सिलिंडर गेलेला आहे. डीकॉम्प्रेशनचं (दोरी ओढताना तो दाब कमी करणारं) बटण असलेल्या मशीनला ते दाबलेलं नसताना बघा. जुनं मशीन घेणाऱ्यानं तर सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून भोकातून पिस्टनची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. उभ्या रेघा दिसल्या, तर किंमत बोलण्याचा प्रश्नच संपला.

सुरक्षेच्या गोष्टी वेगानं उरकण्यासारख्या नाहीत, पण तपासायला वेळ फार लागत नाही. मंद चालीवर चेन फिरता कामा नये. पूर्ण रेसवर मनगटानं पुढचा गार्ड ढकलला की चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. इंजिन बंद असताना मशीन ओंडक्यावर दीड वीत उंच धरून, पुढचा हात सोडून बारचं टोक खाली पडू द्या. धक्क्यानं ब्रेक आपोआप लागला पाहिजे. चेन तुटली तर पकडणारा खालचा हूक प्लास्टिकचा का होईना, पण जागेवर हवा. कंपनाचा आकडा माहितीपत्रकात मीटर प्रति सेकंद वर्ग असा असतो. दोन्ही हँडलांचा वेगळा. दिवसभर काम असेल, तर ५ च्या वरच्या मशीनपासून लांब राहिलेलं बरं. संध्याकाळी बोटं बधिर होणं हा थकवा नसतो, ते कंपनामुळं होतं. कानावर मफ, डोळ्यांवर जाळी, पायात पुढं कडक टोपी असलेले बूट. कोल्हापुरी पायताण जगात भारी असेल, पण चेन सॉजवळ नको.

सुट्या भागांची यादी घेऊन दुकानात जा

वेग, पेट्रोल, वजन यांत नवं मॉडेल जिंकलं, तरी इथं ते हरू शकतं. कागदावर आठ-नऊ भाग लिहा: चेन, बार, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), क्लचचा ड्रम, एअर फिल्टर, स्टार्टरची स्प्रिंग आणि दोरी, कार्बोरेटरचं किट, ऑइल पंप, पिस्टन-रिंग संच. प्रत्येकासमोर दोन रकाने: किंमत आणि "आज दुकानात आहे का". "मागवून देतो" याचा अर्थ "नाही" असाच धरा. तोडीचा हंगाम चालू असताना चार दिवस मशीन खोक्यात पडून राहिलं, तर वाचवलेले पैसे मजुरीतच जातात.

पिस्टन-रिंग संच सिलिंडरसकट मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर ते मशीन दुरुस्तीसाठी बनवलेलंच नाही. तसं मनाशी धरून घ्या किंवा सोडा. स्वस्त मशिनांच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे: एकाच साच्यातली दहा नावांची मशिनं बाजारात असल्यानं त्यांचे भाग कुठंही मिळतात. फक्त त्यांचा दर्जा खोक्यागणिक बदलतो.

एअर फिल्टर हत्याराशिवाय निघतो का, प्लगपर्यंत पाना सरळ जातो का, चेन ताणायचा स्क्रू बाजूला आहे की बारच्या समोर दातांजवळ, टाकीचं झाकण हातमोजे घालून उघडतं का, हे सगळं दुकानातच करून बघा. बाभळीचा बारीक भुसा दिवसातून दोनदा फिल्टर भरतो. तो काढायला दर वेळी तीन स्क्रू सोडावे लागले, तर कोणीच काढणार नाही, आणि फिल्टर तुंबला की मिश्रण जाड होऊन प्लग काळा पडतो, मशीन ताकद सोडतं.

घेताना बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीत पिस्टन सीज झाल्यास काय धरतात आणि कोणतं ऑइल वापरल्यास वॉरंटी नाकारतात ते लेखी विचारा. सोबत त्याच मापाच्या आणखी दोन चेनी आणि एक स्प्रॉकेट उचला. तीन चेनी आलटून पालटून वापरल्या, तर स्प्रॉकेटचे दात आणि चेन बरोबरीनं झिजतात. तिन्ही चेनी संपल्या की स्प्रॉकेटही बदलायचा, नव्या चेनवर जुना ठेवायचा नाही.